जिन्यात अंधार आहे, कठडा धरा

माझ्या भावाच्या नावाची शिष्यवृत्ती जाहीर झाली, त्या सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं आणि सवयीप्रमाणे जाहिरात खालून वर वाचायला घेतली. ही उलटी सवय मला त्यानेच लावली होती. खाली काहीच नव्हतं, नुसता पांढरा कागद. छपाईत काही उडालं असेल असं वाटून मी समोरच्या दातांच्या दवाखान्यातला अंक मागून आणला. तोही खाली कोराच होता.

वर मात्र सगळं यथासांग होतं. अर्धं पान जाहिरात, मधोमध धाकट्याचा हसरा फोटो, त्यावर ठसठशीत अक्षरात मथळा, "शब्दांचा माणूस, आता तुमच्या शब्दांत." त्याखाली त्याचा परिचय आणि मग मुद्द्याची गोष्ट: माध्यमं आणि जाहिरात या क्षेत्रांत जाऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्याच्या स्मरणार्थ दर वर्षी शिष्यवृत्ती मिळेल, होतकरू मुलामुलींनी अर्ज करावेत. कुठे करावेत, कुणाकडे करावेत, कधीपर्यंत करावेत, ते सगळं गुलदस्त्यात. पत्ता नाही, फोन नाही, हल्ली मोबाइल समोर धरायची ती चौकोनी नक्षी असते तीसुद्धा नाही. वरच्या कोपऱ्यात शोभेला म्हणून एक जुनं हस्तपत्रक काडेपेटीएवढं करून छापलं होतं. ते माझ्या दुकानाचं होतं. माझ्या भिंतीवरची तसबीर उतरवून नेली होती त्यासाठी, आणि छापलं काय, तर काडेपेटीएवढं. त्याचा राग मला वेगळाच आला.

मी शिवणकाम करते. पहिल्या मजल्यावर एक खोली, एक मशीन, कापडाचं कपाट आणि दारामागे आरसा, एवढं माझं दुकान. लांडं झालेलं लांब करते, सैल झालेलं घट्ट करते, पडदे शिवते. सत्तरी उलटली, दोन्ही गुडघे माझ्याशी उभा दावा मांडून आहेत, पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जातो. आईवडील लवकर गेले. धाकट्याला मी याच मशीनवर शिकवला. तो मोठा होऊन जाहिरातींच्या धंद्यात गेला, स्वतःची कंपनी काढली, शहरात नाव केलं आणि गेल्या वर्षी गेला. आजार कळला आणि माणूस संपला, इतकं ते झटकन झालं. त्याची बायको, त्याची कंपनी आणि मी, तिघांनी मिळून ही शिष्यवृत्ती ठेवली.

मी तडक मथळ्यांना फोन लावला. मथळे म्हणजे त्याचे भागीदार. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते बोलतातच मथळ्यांत. कसे आहात विचारलं तर म्हणतील, "पोट भरलेलं, डोकं रिकामं." मी त्यांना तोंडावर मथळे म्हणायला लागले आणि पुढे त्यांची बायकोही म्हणायला लागली. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त सोन्याला आपण सोनं असल्याचं जरा जास्त ठाऊक आहे. मी त्यांना विचारलं की अर्ज कुठे पाठवायचे. ते म्हणाले, जाहिरातीत दिलंय ना. मी म्हटलं, दाखवा. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा उलटल्याचा.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "पत्ता दादा लिहायचा."

ऑफिसात सगळे धाकट्याला दादा म्हणत. मथळे म्हणाले ते शब्दशः खरं होतं. त्यांच्या कंपनीत जाहिरातीचा कोरा कागद आधी धाकट्याच्या टेबलावर जायचा. तो तळाची ओळ लिहायचा, म्हणजे पत्ता, कसं यायचं, कधी यायचं. ती लिहून झाली की मगच कागद मथळ्यांकडे चढायचा आणि त्यावर मथळा बसायचा, चित्र बसायचं. कंपनी सुरू झाल्यापासून हाच शिरस्ता. त्यामुळे त्या एवढ्या मोठ्या ऑफिसात पत्ता लिहिणं हे काम दुसऱ्या कुणाचं कधी नव्हतंच. तो गेल्यावर बाकीच्या जाहिराती जुन्या गिऱ्हाइकांच्या होत्या, त्यांच्या खालच्या ओळी त्याने लिहून ठेवलेल्याच होत्या. नवी कोरी अशी ही पहिलीच. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, सगळ्यांनी खालची जागा सोडली, आणि ती भरणारा फोटोत हसत बसला होता. मी फोन ठेवला आणि मला आधी हसू आलं. मग रडू आलं.

ही खालच्या ओळीची रीत सुरू झाली ती माझ्या दुकानापासून. मी नवीन दुकान थाटलं होतं आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. धाकटा तेव्हा कॉलेजात होता. म्हणाला, ताई, मी तुझं हस्तपत्रक लिहितो. मला वाटलं दोन ओळी खरडेल. पठ्ठ्या बस थांब्यावर गेला आणि तिथून अनोळखी माणसासारखा चालत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तर वाट चुकल्यासारखं करून समोरच्या बाईला माझंच दुकान विचारून आला. मग जिन्यावर बसून त्याने लिहिलं, आधी खालचं, मग वरचं. ते मला अजून पाठ आहे.

"उसवलेलं, आखूड झालेलं, सैल झालेलं नीट करून मिळेल. नवेही कपडे शिवून मिळतील. बसमधून उतरलात की घड्याळवाल्याकडे पाठ करा. समोर औषधांचं दुकान, त्याच्या उजव्या अंगाला जिना. जिन्यात अंधार आहे, कठडा धरा. वर शिवणयंत्राचा आवाज येईल, तेच दार."

मी त्याच्यावर अशी भडकले होते की विचारू नका. नव्या दुकानाची जाहिरात करतोयस की अब्रू काढतोयस, जिन्यात अंधार आहे हे छापून का सांगायचं गावाला? तो शांतपणे म्हणाला, "ताई, लोक कागद बघून खूश होतात. पण यायचं असतं त्यांना इथे. धडपडून आलेली बाई तुला माप देईल का?" मी बडबडत राहिले आणि त्याने ते तसंच छापलं. आठवड्याभरात जिन्यातून कठडा धरून, हसत हसत बायका वर यायला लागल्या. अंधार खरा निघाला म्हणजे शिलाईही खरी असेल, असा काहीतरी हिशेब असावा त्यांचा. पुढे शहरातल्या मोठ्या मोठ्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या जाहिराती त्याने केल्या, पण प्रत्येक वेळी आधी बूट घालून चालून यायचा. ते बूट अजून त्याच्या टेबलाखाली आहेत, कुणी हलवलेले नाहीत.

तर त्या दुपारी आम्ही ऑफिसात जमलो, मथळे, भावजय आणि मी. मी म्हटलं, उद्याच्या उद्या दुरुस्ती छापा, चूक झाली म्हणा, पत्ता द्या. मथळे कासावीस झाले. त्यांचं म्हणणं असं, की जाहिरात कंपनी आपल्याच जाहिरातीत पत्ता विसरली हे छापलं तर धंद्यातले बाकीचे लोक टाळ्या पिटतील, वर्षभर जेवणावळीत हेच चघळतील, आणि त्यात दादाचंही नाव येईल. समारंभाची तारीख ठरलेली होती, पाहुणे ठरलेले होते. त्यांच्याकडे त्यावर तोडगाही तयार होता. ऑफिसात शिकाऊ म्हणून आलेली दोन मुलं हुशार आहेत, त्यातल्या एकाला यंदाची शिष्यवृत्ती देऊन टाकू, समारंभात दादाच्या मोठ्या चित्राचं अनावरण करू, पुढच्या वर्षी बघू. तसे फोन आलेच होते काही, असंही ते म्हणाले. मी बाहेरच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं की फोन करणाऱ्यांना काय सांगितलंस. ती बिचारी म्हणाली, "सांगितलं की सगळी माहिती जाहिरातीत आहे."

भावजय खिडकीशी बसून होती. नवरा गेल्यापासून ती कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हती, आणि ते मला तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागायचं. ती म्हणाली, "ताई, होऊन जाऊ दे." मी म्हटलं, नाही होऊ देणार. आपणच शिष्यवृत्ती काढायची, आपल्याच घरात वाटायची आणि आपणच आपली पाठ थोपटायची, याला मी येणार नाही. माझ्या भावाचं चित्र भिंतीवर लावून काय करायचंय, चार भिंतींत तो आयुष्यात कधी टिकला नाही. त्याच्यासारखं काम करणारं एक तरी पोर मिळालं, तरच ही शिष्यवृत्ती त्याची. नाहीतर माझं नाव काढा त्यातून. मथळे उठून चष्मा पुसायला लागले. मी गुडघे सावरत तिथून निघाले, आणि निघताना टेबलाखालचे बूट बघितले म्हणून आणखीच चिडले.

तीन-चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मथळे समारंभ रेटून नेणार, लोक टाळ्या वाजवणार आणि पुढच्या वर्षापर्यंत सगळे विसरून जाणार. माझ्यानंतर त्याला आठवणारं कोण, हा विचार मशीन चालवताना सारखा यायचा आणि टाके वाकडे पडायचे.

अशाच एका सकाळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. विशीच्या आतबाहेरची असेल, धापा टाकत होती, खांद्याला पिशवी. मी मान वर न करता विचारलं, काय आखूड करायचंय. ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, मग सैल असेल, तिथे उभी राहा, आरशासमोर. ती मुकाट्याने जाऊन उभी राहिली. मी टेप काढून तिच्या कमरेला लावली तेव्हा ती घाबरत म्हणाली, "आजी, मी अर्ज द्यायला आलेय. शिष्यवृत्तीचा."

माझी टेप हातातच राहिली. आधी मी तिला म्हटलं की आजी म्हणालीस तर याच पट्टीने मारेन, आत्या म्हण. मग विचारलं, तुला इथला पत्ता दिला कुणी?

तिने पिशवीतून ती जाहिरात काढली. घड्या घालून घालून वरचा कोपराच तेवढा वर ठेवला होता, काडेपेटीएवढा. म्हणाली, सगळी जाहिरात चार वेळा वाचली, पत्ता कुठेच मिळेना. एवढ्या मोठ्या लोकांची जाहिरात, पत्ता नसेल असं होणार नाही, म्हणजे आपल्यालाच दिसत नसणार, असं तिला वाटलं. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो कोपरा मोठा करून वाचला, आणि तिथे सबंध वाट लिहिलेली होती. फक्त थांब्याचं नाव पत्रकात नव्हतं, कारण तेव्हा या रस्त्याला बस एकच यायची आणि थांबाही एकच होता. जाहिरातीतल्या परिचयात बहिणीच्या दुकानाचा उल्लेख करताना रस्त्याचं नाव आलं होतं, त्यावरून ती इथवर पोचली.

पण थांबा आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलाय. घड्याळवाल्याच्या जागी किल्ल्या बनवणारा आहे, औषधांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. ती पत्रकाप्रमाणे नेमकी उलट्या दिशेला गेली, एका जिन्याने वर चढली, आतून मशीनचा आवाज येत होता म्हणून दार उघडून रांगेत बसली. बऱ्याच वेळाने तिला कोणीतरी विचारलं की कुठला दात. डॉक्टर भला माणूस. त्याने सांगितलं की औषधांचं दुकान पूर्वी समोर होतं. मग ती समोर आली, उजव्या अंगाचा जिना बघितला आणि तिला खात्री पटली.

"का गं?" मी विचारलं.

"जिन्यात अंधार होता," ती म्हणाली. "मी कठडा धरला. वरून आवाज येत होता."

मी चारचौघांत रडणारी बाई नाही. आईवडील गेले तेव्हा धाकट्याला पोटाशी धरून मी कोरडी बसले होते. पण त्या पोरीसमोर मी पडद्याच्या कापडात तोंड घालून रडले, आणि तिने मला मटक्यातलं पाणी भरून दिलं, जणू दुकान तिचं आणि गिऱ्हाईक मी. मलासुद्धा ते दिसलं नव्हतं, हे सांगायला हवं. मी जाहिरात खालून वाचली, कोऱ्या जागेवरून सगळ्यांना झाडलं, काडेपेटीएवढं छापलं म्हणून रुसले, पण त्या जाहिरातीत पत्ता होता हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याने स्वतः, कॉलेजात असताना, जिन्यावर बसून लिहिलेला पत्ता. एकटा तोच विसरला नव्हता.

मी दुकानाला कुलूप लावलं, रिक्षा केली आणि तिला घेऊन थेट ऑफिस गाठलं. मथळ्यांच्या खोलीत कोणी पाहुणे होते, त्यांना मी बाहेर बसायला सांगितलं. मुलीने जे मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, दातासकट. मथळ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तो कोपरा डोळ्यांपाशी नेला आणि ओठ हलवत वाचला. मग त्यांनी स्वतः जाऊन एक कोरा कागद आणला, समोर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खालून लिहायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी नवी जाहिरात आली. तेवढीच मोठी, अर्धं पान. फोटो नव्हता. माझ्या दुकानाचं पत्रक चांगलं वीतभर मोठं करून मधे छापलं होतं, आणि त्याच्या वर मथळा होता: "आम्ही पत्ता विसरलो." खाली बारीक अक्षरात रस्त्याचं नाव, शेवटची तारीख आणि मग, "आठवणीने लिहिणारा आता नाही. त्याच्याच नावाची ही शिष्यवृत्ती आहे. अर्ज घेऊन वरच्या पत्त्यावर या. थांबा रस्त्यापलीकडे गेला आहे, घड्याळवाल्याच्या जागी किल्लीवाला आहे, औषधांच्या जागी मोबाइलवाला. जिना आणि अंधार तोच आहे." मथळ्यांनी आयुष्यात पुष्कळ मथळे लिहिले, बक्षिसंही मिळवली, पण माझ्या मते हा एकच कायमचा. धंद्यातले लोक हसले नाहीत. त्यांतले दोघे तर नुसता जिना बघायला येऊन गेले, आणि एकाने जाताना पँट आखूड करायला टाकली.

मग जी रीघ लागली ती काय सांगावी. जिन्यातून पोरंच पोरं. कोणी चित्रफिती घेऊन, कोणी कविता केलेली, कोणी अर्जाला अत्तर लावून. मी सगळ्यांना कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं. एवढे अर्ज आल्यावर मला आतून एक टोचणी लागली. माझा जीव त्या पहिल्या मुलीवर जडला होता, मला तिलाच द्यायची होती. पण आपणच इतरांना बोलवायचं आणि निकाल आधीच खिशात ठेवायचा, तर मथळ्यांच्या शिकाऊ मुलांत आणि माझ्या मुलीत फरक काय? मी गप्प राहायचं ठरवलं, आणि मी गप्प राहणं म्हणजे काय हे माझ्या ओळखीच्यांना विचारा.

निवडीतल्या मुलांना भावजयीने एकच काम दिलं. हे काम तिने सुचवलं, मी नाही. कित्येक महिन्यांनंतर तिने कशालातरी आपणहून तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, तुम्ही जिथे राहता त्याच्या आसपास कुणाचं तरी काम असेल, त्यांचं हस्तपत्रक लिहून आणा, कामाचं आणि वाटेचं. बाकी काही नको. मुलं आठवड्याने परत आली. आम्ही तिघांनी नावं झाकून कागद वाचले. काही फार झकास होते, एक तर वाचताना मी मोठ्याने हसले. मग मथळ्यांच्या हातात एक साधा कागद आला आणि ते तो सोडेनात. शेवटी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला.

"इंजेक्शन, जखमेची पट्टी, टाके काढणं घरीच होईल. शेवटच्या थांब्यावर उतरा. पिवळ्या टाकीकडे चालत या. पुढे गल्ल्यांना नावं नाहीत, म्हणून टाकी डाव्या खांद्याला ठेवा आणि ती मागे पडली की वळा. निळ्या दारापाशी कुत्रं भुंकेल, चावत नाही. दार ढकला, उघडंच असतं. आईचा हात हलका आहे."

मी तर बोलणारच नव्हते. मथळ्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा मथळा आहे," ते म्हणाले. "आईचा हात हलका आहे. मी महिनाभर बसलो असतो तरी मला सुचला नसता. आणि लिहिणाऱ्याने तो सगळ्यात खाली टाकलाय." मग जरा थांबून म्हणाले, "दादा म्हणायचा, खालून लिहीत ये, मथळा वाटेत भेटेल. मला वाटायचं, चेष्टा करतो माझी."

नाव उघडलं तर ती तीच होती. मथळ्यांनी तिला आत बोलावून विचारलं की एवढी चांगली ओळ वर का नाही घेतली. ती गोंधळली. म्हणाली, "मला वर-खालचं अजून कळत नाही सर. म्हणून तर शिकायला जायचंय." भावजय उठली, तिच्याजवळ गेली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली की तुझंच नाव लिहितोय आम्ही. त्या दिवशी मी तिच्या चेहऱ्यावर जुना रंग बघितला. मी मात्र चष्मा पुसत होते, मथळ्यांसारखा.

समारंभ साधाच झाला. चित्राचं अनावरण वगैरे कोणी केलं नाही. मुलीची आई आली होती, हलक्या हाताची. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितल्या बघितल्या दर शनिवारी येऊन शेक देण्याचं कबूल करून टाकलं, मला विचारलंसुद्धा नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटलं, माझा भाऊ मोठा माणूस होता. मी त्याला वाढवलं याचा मला गर्व आहे, आणि हा गर्व मी आता मिरवणार, कोणाला बोचला तर बोचू दे. लोक उभे राहिले. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण मथळ्यांनी माईक काढून घेतला.

आता ती शिकते, आणि सुट्ट्यांत ऑफिसात काम करते. टेबल धाकट्याचं दिलंय. बूट तिच्या मापाचे नाहीत, म्हणून ते तिथेच आहेत आणि तिचे शेजारी. कोरा कागद पुन्हा आधी त्या टेबलावर जातो. यंदाची जाहिरात तिनेच लिहिली, तळापासून. अर्जाचा पत्ता तिने माझ्या दुकानाचाच ठेवला. मी म्हटलं, अगं, डॉक्टर मला मशीन बंद कर म्हणतात, गुडघे गेलेत. तिने ऐकून घेतलं आणि खालची ओळ होती तशीच ठेवली.

पूर्वी जिन्यात पावलं वाजली की मी मशीन थांबवून दाराकडे बघायची. आता थांबवत नाही. हातात काम नसलं तर चिंधीवर चालवते. आवाज येत राहिला पाहिजे, पत्त्यात तसं लिहिलेलं आहे.